शेळ्यांचा ठराव

बुधवार, ४ फेब्रुवारी

फसले! पुरती फसले!

बसने मुद्दाम शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले. सीनियर कार्ड आहे, हिंडायला काय जातंय? स्टॉपचं नाव बार्टलेट्स क्रॉसिंग. एक चर्च, एक पब, एक बंद बेकरी आणि एक जुना विटांचा हॉल. हॉलच्या दारावर पाटी — 'चहा आणि गप्पा. सर्वांचं स्वागत.' पाय दुखत होते. शिरले आत. वाटलं, विणकाम-बिणकाम असेल.

आत चार म्हातारे. मला बघून असे लगबगीने उठले, जणू मांडवात नवरी आली. कॉलीन नावाची बाई, ऐंशीच्या पुढची, हातात काठी, जीभ काठीहून कडक. तिने खुर्ची दिली, चहा दिला (पाणचट! देवा!), एक कोरडं बिस्किट दिलं आणि एका कागदावर माझी सही घेतली. मला वाटलं, चहा प्यायल्याची नोंद असेल.

कसली नोंद! ते निघालं इतिहास मंडळ. पाच सभासद नसतील तर मंडळ बंद, असा त्यांचा नियम. पाचवी मी!

"नाव?"

"विमल."

"विम?"

विम! भांडी घासायची पावडर! शेजारचे केन आजोबा कानातलं मशीन चाचपत म्हणाले, "वेलकम, जिम."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

घरी सांगितलं. ऋतिका हसून हसून सोफ्यावर आडवी. "आई, तू चुकून संस्था चालू ठेवलीस!" नात नेहमीप्रमाणे मोबाइलमधून — "दॅट्स सो रँडम, आजी." तेरा वर्षांची आहे स्पृहा. तिला सगळं रँडम, नाहीतर क्रिंज (म्हणजे लाजिरवाणं). मधलं काही नाही.

पद्माकर म्हणाला, "इतिहास? यांना इतिहास आहे का?" आणि परत यूट्यूबवर पुण्याच्या बातम्या लावून बसला. पर्वतीला पाणी आलं नाही आणि हा इथे ऑस्ट्रेलियात, क्वेकर्स हिलमध्ये बसून चरफडतोय. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाला, पाण्यातून नाही झाला.

(रोजनिशीत मी त्याला पद्माकर म्हणते, तेही एकेरी. समोर 'अहो'. एवढी चैन तरी हवी माणसाला.)

तिकिटं मे महिन्याची आहेत. दोघांची. कायमचं परत. त्याने ठरवलं आणि मला सांगितलं. नांदेडची बदली अशीच सांगितली होती. तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडली, ट्रंका भरल्या. मग जळगाव. मग रत्नागिरी. मी भरतेच आहे.

"मुलीच्या घरी किती दिवस राहायचं?" हे त्याचं पालुपद. प्रणव — जावई — बिचारा एक शब्द बोलत नाही. उलट फार चांगला वागतो, तेच याला सोसत नाही. फ्रिज उघडायच्या आधी परवानगी मागतो. "प्रणवराव, थोडं दही घेऊ का?" धरणं बांधलेला माणूस!

मला जायचं नाही.

हे अजून कुठे बोललेले नाही. इथे लिहिलं. बास.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज कॉलीनने गावाचा इतिहास सांगितला. हसू आवरेना. ती मात्र गंभीर. तिच्याच खापरपणजोबाची गोष्ट, म्हणून असेल.

हा जोसाया बार्टलेट. विलायतेत पोरवयात दोन मेंढ्या चोरल्या. बेड्या घालून जहाजात बसवून इकडे धाडला. शिक्षा भोगून सुटला तो थेट इथे आला. बैलगाड्या ओढा ओलांडायच्या त्या जागी त्याने दारूचं दुकान टाकलं. गाडीवाले थांबायचे, प्यायचे, काही जण कायमचे थांबले. झालं गाव! मग म्हाताऱ्याला वाटलं, आपलं कौन्सिल हवं. दीडशे वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये याच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत पहिली सभा भरली आणि हा झाला मेयर. मेंढीचोर! आधी पायात साखळी, मग गळ्यात मेयरपदाची.

पहिल्या सभेचे ठराव ऐकावेत. एक — शेळ्या रस्त्यात मोकाट सोडू नयेत. दोन — रस्त्याच्या मधोमध उभी असलेली झाडांची खोडं काढावीत. तीन — चौकात एक कंदील लावावा, तेलाचं पुढच्या सभेत बघू.

सगळ्यात जास्त शेळ्या कुणाच्या? मेयरच्याच. शेळ्यांवरून इतकी भांडणं झाली की मतं सारखी पडली, मग सगळे जेवायला गेले.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे तरी वेगळं काय असतं? खड्डे तर अजून आहेत. हॉलसमोरच्या खड्ड्यात पडूनच कॉलीनने गुडघा मोडून घेतलाय.

आता अठरा एप्रिलला हॉलमध्ये ती पहिली सभा नाटकासारखी करायची म्हणे. सहा आल्डरमन लागतात — आल्डरमन म्हणजे आपले नगरसेवक. मंडळात पुरुष दोन. त्यांतले केन बसल्या बसल्या झोपतात.

"माणसं आणायची कुठून?" कॉलीन म्हणाली.

आणि मी तोंड उघडलं. "माझ्याकडे काका लोक आहेत. भरपूर."

रविवार, २२ फेब्रुवारी

ब्लॅकटाउनला मराठी मंडळाची पिकनिक. मिसळ संपल्यावर विषय काढला. खाल्लेला माणूस नाही म्हणत नाही.

"विमलताई, इंग्रजांची कामं आपण करायची?" एक जण.

मुरलीधरकाका (वय अठ्ठ्याहत्तर, उत्साह अठरा) म्हणाले, "अहो, त्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं. आपण त्यांच्यावर एक संध्याकाळ करू!"

टाळ्या. चार जण तयार. कॅसल हिलचा डेंटिस्ट सलिल म्हणाला, "मेयर मी होतो. माझा ॲक्सेंट आहे." आहे खरा. 'नो वरीज, मेट' असं म्हणतो की तोंडात कापूस कोंबलाय वाटतं.

पद्माकर झाडाखाली एकटा बसून होता. विचारलं. "मला नाटकं जमत नाहीत," म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली. मला माहीत आहे काय जमतं ते.

बुधवार, ४ मार्च

पहिली तालीम. पद्माकर आला. नाटकासाठी नव्हे हं! प्रणव घरून काम करतो, त्याच्या मीटिंगमध्ये आपल्या खोकल्याचा आवाज नको म्हणून मुरलीधरकाकांच्या गाडीत बसला.

हॉलच्या दारातच थांबला. आत येईना. बाहेरच्या गटाराकडे बघत उभा. मग आत आला तो तावातावाने — "हा उतार कुणी काढला? पाणी रस्त्याकडे न जाता इमारतीकडे येतंय! भिंत ओली आहे ती त्यामुळे! आणि ही खिडकी? आणि हा बाक?" इंग्लिश तोडकंमोडकं, पण आवाज सेक्शन ऑफिसात फायली भिरकावायचा तोच.

कॉलीन काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. म्हणाली, "ह्या माणसाला इथलं काहीच पसंत नाही. हाच मेयर."

सलिलचं तोंड बघण्यासारखं झालं. ॲक्सेंटसकट पडलं.

मी कोण? मिसेस बार्टलेट. वाक्य किती? एक. सभा संपताना दारातून आत यायचं आणि म्हणायचं — "सपर इज रेडी, जेंटलमेन." जेवण तयार आहे, मंडळी! झालं. मी ऑस्ट्रेलियात येऊन हेच म्हणायचं?

"अजून एखादं वाक्य द्या की," म्हटलं.

"सभेच्या मिनिट्समध्ये बायकांचं एक अक्षर नाही, विम. हे वाक्यसुद्धा मी पदरचं घातलंय."

"बोलल्या असतीलच ना पण बायका!"

"पुष्कळ बोलल्या असतील. लिहून घेणारा पुरुष होता."

गुरुवार, ५ मार्च

पद्माकर अंघोळ करता करता मेयरचं भाषण म्हणत होता. जोरात. बाहेर प्रणव टॉवेल घेऊन ताटकळत!

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. गुढीला काठी बनिंग्ज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, हे अँटेना आहे का? म्हटलं हो, वरचं स्टेशन लागतं.

मेयरच्या गळ्यातली साखळी तयार झाली. ऋतिकाच्या कॉलेजातल्या गॅदरिंगचा खोटा कंबरपट्टा आणि दोन पडद्यांच्या कड्या. झगा म्हणून माझा मरून शालू. पद्माकर आरशासमोर उभा. "पोट दिसतंय का?" म्हटलं, मेयरला असतंच.

पुण्याच्या बातम्या आठवडाभर लावलेल्या नाहीत. पर्वतीला पाणी आलं की नाही, कुणास ठाऊक.

आणि दुपारी त्याने फ्रिज उघडला, दही घेतलं, साखर घातली आणि खाल्लं. कुणाला विचारलं नाही. मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही. उगाच दृष्ट लागायची.

रविवार, २९ मार्च

वाईट दिवस.

गावाच्या फेसबुक ग्रुपवर कुणी ट्रेव्हर म्हणून आहे, त्याने लिहिलंय. ऋतिकाने वाचून दाखवलं. आमच्या पूर्वजांनी रक्त आटवून गाव उभं केलं आणि आता त्यांची सोंगं ही माणसं घेणार? उद्या कौन्सिलच्या सभेत करी वाढतील. खाली पंचवीस-तीस अंगठे. काहींनी आणखी घाण लिहिलं होतं. ते ऋतिकाने वाचलं नाही, नुसतं बोटाने वर सरकवलं. मला दिसलं.

सलिलचा फोन आला. "सॉरी, विमलताई, पेशंट्स त्याच भागातले आहेत." बरं बाबा. नो वरीज.

मग ऋतिका. आधी शांतपणे — "आई, बंद करा हे." मी म्हटलं, एका माणसाने लिहिलं म्हणून? तशी ती भडकली.

"एक माणूस? आई, तुला काय माहीत गं? पंधरा वर्षं मी ऑफिसात डबा खिडकीशी बसून खाते. कुणाला वास जायला नको म्हणून! नाव उच्चारता येत नाही तर 'कॉल मी रिट्झ' म्हणते. मान खाली घालून हे घर उभं केलंय मी. तुम्ही दोन महिन्यांत दाढ्या लावून गावभर नाचणार, आणि मग मे महिन्यात विमानात बसून मोकळे. निस्तरायचं कुणी? मीच ना?"

रिट्झ! हे मला माहीतच नव्हतं. इतका सुंदर अर्थ बघून ठेवलेलं नाव!

पद्माकर ऐकत होता. मला वाटलं आता हा ओरडणार. नाही ओरडला. "ऋतिका, बरोबर आहे तुझं. मी तर जाणारच आहे, मला कोण काय करणार? राहायचं तुला आहे. तू म्हणशील तसं."

आणि साखळी काढून कपाटात ठेवली. घडी घालून. साखळीची कुणी घडी घालतं का?

मंगळवार, ३१ मार्च

संध्याकाळी बेल वाजली. दारात कॉलीन! काठी टेकत, टॅक्सी करून, हातात घरी केलेला केक. मी सगळं फोनवर सांगितलं होतं. ही अशी दारात येऊन उभी राहील असं वाटलं नव्हतं.

सरळ ऋतिकासमोर बसली. म्हणाली, "मी तुझं मन वळवायला आलेले नाही. ट्रेव्हर लिहितो ते मी वाचलं. त्याला मी लहानपणापासून ओळखते, तेव्हाही रडका होता. पण तुला भीती वाटते, ती खोटी नाही. ते माझ्या अंगावर कधी आलेलं नाही, तेव्हा घाबरू नको असं मी सांगणार नाही. एवढंच सांगायला आले की ही दोघं नसली तर त्या दिवशी हॉलमध्ये मी आणि केन. केनला तर कळणारसुद्धा नाही की बाकीचे आले नाहीत."

ऋतिका हसली. मग रडली. मग केक कापला. केक दगडासारखा होता. सगळ्यांनी खाल्ला.

जाताना कॉलीनने दारात विचारलं, "तुझं नाव नीट कसं म्हणायचं?"

"ऋ-ति-का."

"ऋ... र्रु..." म्हातारीची कवळी निसटायची वेळ आली. पण सोडलं नाही तिने. पाचव्या खेपेला जमलं.

ती गेल्यावर ऋतिका म्हणाली, "करा. मी येईन. पण मागच्या रांगेत बसेन."

पद्माकर कपाटाकडे इतक्या घाईने गेला की पायात टीपॉय आला.

शुक्रवार, १७ एप्रिल

उद्या. दिवसभर आरशासमोर घोकंपट्टी. एका वाक्यासाठी!

साबुदाणा भिजवला. सपर तयार आहे म्हणायचं तर सपर हवं.

रविवार, १९ एप्रिल

कुठून सुरुवात करू?

हॉल भरला! शंभरच्या वर माणसं असतील. निम्मी आपली — ब्लॅकटाउनपासून गाड्या भरभरून आली — आणि निम्मी गावातली. तिसऱ्या रांगेत लाल चेहऱ्याचा धिप्पाड माणूस हाताची घडी घालून. कॉलीन कानात म्हणाली, "तो ट्रेव्हर."

पडदा उघडायची वेळ आणि एक आल्डरमन कमी! सलिलच्या जागी ज्याला घेतलं होतं त्याचं पोट बिघडलं. पाच दाढ्या तयार, सहावी टेबलावर पडलेली. कॉलीन कपाळाला हात लावून बसली. मी पडद्याआडून बघते तर ऋतिका मागच्या रांगेतून उठून येतेय. आत आली. दाढी उचलली, कानाला अडकवली, टोपी घातली.

"काय बघताय? दाढीत कोण ओळखतंय मला!" म्हणाली.

सुरुवातीला आंटी नॉर्मा बोलायला उठल्या. इथल्या मूळ लोकांमधल्या त्या, वयाने आणि मानाने मोठ्या. कॉलीनची शाळेपासूनची मैत्रीण. म्हणाल्या, "त्या पहिल्या सभेला आमची माणसं खिडकीबाहेर उभी होती. आत या असं कुणी म्हटलं नाही. आज मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली आहे. दीडशे वर्षं लागली. आणि खुर्चीचा एक पाय मोडका आहे." हसावं की नाही ते कुणाला कळेना. मग त्या स्वतःच हसल्या, तेव्हा सगळे हसले. पण तशी खाली बघूनच.

सभा सुरू झाली. पद्माकर! काय सांगू! माझा मरून शालू, खोटा कंबरपट्टा, कापसाच्या मिशा — आणि चाल अशी की जन्मभर मेयरच होता. हातोडा मिळाला नाही म्हणून माझं लाटणं. कंदिलाचा ठराव झाला, खोडांचा झाला. शेळ्या आल्या. म्हणजे खरीच शेळी आली! केनच्या शेजाऱ्याची. स्पृहा तिला दोरीने ओढत आणतेय आणि "आय ॲम नॉट डूइंग दिस, आय ॲम नॉट डूइंग दिस" म्हणतेय — करतेय मात्र.

तेवढ्यात ट्रेव्हर उठला. "थट्टा आहे ही! ही माणसं इथे नव्हतीच तेव्हा!"

हॉल गप्प. इतका गप्प की शेळीचं चावणं ऐकू येत होतं. ऋतिका टेबलाशी दगड होऊन बसलेली.

पद्माकरने लाटणं आपटलं. "तिसऱ्या रांगेतले सद्गृहस्थ विषय सोडून बोलताहेत. सभेपुढे विषय शेळ्यांचा आहे. आपल्याकडे शेळ्या आहेत का?"

"काय?" ट्रेव्हर.

"शेळ्या, सर. असतील तर आपलं म्हणणं मांडा. नसतील तर खाली बसा."

हे लिहिलेलं नव्हतं! खसखस पिकली. ट्रेव्हर आणखी लाल. तोंड उघडणार, तोच नॉर्मा आंटी मोडक्या खुर्चीतून, मान न वळवता — "ट्रेव्हर, तूसुद्धा नव्हतास तेव्हा. आम्ही होतो. आम्ही काही बोलतोय का? बस."

आणि विंगेतून कॉलीन ओरडली, "आणि तुझ्या खापरपणजोबाला चीज चोरलं म्हणून आणलं होतं!"

हॉल फुटला! मुरलीधरकाका टेबलावर डोकं ठेवून हसताहेत. तेवढ्यात शेळीने मान लांब करून ऋतिकाची दाढी ओढली. चावायलाही लागली. ऋतिकाचा चेहरा सगळ्या गावासमोर. मी म्हटलं, गेलं! पोर आता पळते. तर ती हसत सुटली! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला असं हसताना मी कितीक वर्षांत पाहिलेलं नाही.

पण आता गाडी रुळावरून घसरली. पुढचं वाक्य कुणालाच आठवेना. पद्माकरने दाराकडे, माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत तेच — अगं, काढ बाई यातून.

मी आत गेले. ट्रंक कॉल जोडायचे तेव्हाचा आवाज लावला. "सपर इज रेडी, जेंटलमेन!" टाळ्या पडायला लागल्या. मी थांबले नाही. "पण आधी शेळ्यांवर मत द्या. मी ताटं वाढून तुमची वाट बघत बसणार नाही. आणि मेयरसाहेब, सगळ्यात जास्त शेळ्या आपल्या आहेत. मी दूध काढते, मला माहीत आहे!"

पद्माकर इतका दचकला की मिशी सुटली.

ठराव मंजूर. एकमताने. शेळीसुद्धा ओरडली.

नंतर सपर. वडे पाच मिनिटांत गडप. ट्रेव्हर निघून गेला होता. त्याची बायको थांबली. तीन वडे खाल्ले, दोन पर्समध्ये घातले, आणि जाताना माझा दंड दाबला.

कॉलीन म्हणाली, "ते वाक्य नाटकात नव्हतं, विम."

म्हटलं, "मग आता घालून घ्या. आता लिहून घेणारी बाई आहे."

मंगळवार, २१ एप्रिल

ऋतिकाने जेवताना विषय काढला. किती आशेने! "बाबा, तिकिटं रद्द करू?"

पद्माकर म्हणाला, "नको गं. आता बरं वाटतंय, म्हणूनच जातो. रुसून गेलो असतो तर परत यायची चोरी झाली असती."

ऋतिका उठून भांडी लावायला लागली. प्रणव पहिल्यांदाच मनापासून बोलला, "बाबा, तुम्ही फ्रिज उघडताना विचारायचात ना, मला फार लाजल्यासारखं व्हायचं."

पद्माकर म्हणाला, "मलाही."

मी आमटी वाढत राहिले. मला कुणी काही विचारलं नाही. आणि माझ्याही तोंडातून काही निघालं नाही. शंभर लोकांसमोर निघालं, चार माणसांसमोर नाही.

बुधवार, २९ एप्रिल

मंडळाचे आता एकवीस सभासद! कॉलीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ती परत येईपर्यंत अध्यक्ष कोण? केन म्हणाले, "जिम." सगळ्यांनी हात वर केले.

म्हटलं, मी मे महिन्यात जातेय.

कॉलीन म्हणाली, "असं? मग हे सांगताना तुझा चेहरा असा का झालाय?"

शनिवार, ९ मे

पद्माकरची बॅग भरून दारात उभी. "तुझी दिसत नाही," म्हणाला.

"भरते."

बुधवार, १३ मे

पद्माकर गेला. एकटा.

सोमवारी बोलले. मागच्या अंगणात दोघं कपडे वाळत घालत होतो. म्हटलं, "अहो, मी येत नाही." त्याने एका शर्टाला चिमटा लावला. मग दुसऱ्या. म्हणाला, "तुझ्या मनात हे आहे ते माहीत होतं. सांगशील की नाही, ते माहीत नव्हतं." मग शेवटचा चिमटा लावून — "दिवाळीत येतो. वरण कसं करायचं ते फोनवर सांग."

एअरपोर्टवर तो रडला. मी नाही. ऋतिका माझ्याही वाटणीचं रडली.

परत येताना गाडीत तिने विचारलं, "आई, घरी ना?"

म्हटलं, "नाही गं. क्रॉसिंगला सोड. मीटिंग आहे."